थंडोबाच्या काचेतला फेस

गाड्यांचे एसी दुरुस्त करण्यात थंडोबाचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने एकदा एका गाडीत गॅस असा काही अचूक भरला म्हणे, की आत बसलेल्या वकिलाला शिंक आली ती गोठून टण्णकन डॅशबोर्डवर पडली. वकिलाने ती रुमालात गुंडाळून घरी नेली आणि बायकोला दाखवली. ही हकिकत थंडोबा स्वतःच सांगायचा, आणि दरवर्षी शिंक थोडी मोठी व्हायची.

पण गेल्या महिन्यात तीन गाड्या त्याच्याकडे परत आल्या होत्या. तिन्हींचं रडगाणं एकच: तुम्ही गॅस भरल्यापासून एसी कोमट वारा फेकतोय. थंडोबाने हसण्यावारी नेलं, पण आतून त्याची झोप उडाली. आता आणखी एक गाडी परत आली, की आपला हात गेला असं समजायचं आणि शटर ओढून घरी बसायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

अशात सकाळी सकाळी ताई दारात गाडी घेऊन हजर. त्याच्या या थोरल्या बहिणीने पस्तीस वर्षं शाळा चालवली होती. निवृत्त झाल्यापासून ती पंचवीस वर्षांची एक गाडी आणि धाकटा भाऊ चालवायची.

"तसा गार आहे रे," ती म्हणाली. "पण उद्या लांब जायचंय, तर गॅस तेवढा बघून दे."

थंडोबाने इंजिन चालू ठेवायला सांगितलं, एसी पुरता सोडला आणि बॉनेटखाली वाकला. अशा जुन्या गाड्यांत गॅसच्या वाटेवर शर्टाच्या बटणाएवढी काच बसवलेली असते. गॅस पुरेसा असला की काच नितळ दिसते. कमी पडला की तिच्यातून फेस पळताना दिसतो. थंडोबाने सवयीप्रमाणे डावा डोळा मिटला आणि उजवा काचेवर रोखला.

"अगं, साबणाचा कारखाना उघडलाय इथे!"

त्याने नळी जोडून गॅस आत सोडला. फेस होताच. आणखी सोडला. फेस हलायचं नाव घेईना.

"अरे ए, मघाशी बरा होता की!" ताई आतून ओरडली. "आता मांजराने फुंकर घातल्यासारखं वाटतंय!"

तेवढ्यात टक् असा आवाज करून कॉम्प्रेसर बंद पडला. थंडोबाने दाबाच्या मीटरकडे मान वळवली. काटा पार टोकाला जाऊन टेकला होता. म्हणजे गॅस कमी नव्हताच, वाजवीपेक्षा जास्त झाला होता. आणि त्या तीन गाड्यांचंही बहुधा हेच झालं होतं.

तो मटकन स्टुलावर बसला. मग उठून त्याने मशीन लावलं, सगळा गॅस एका रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. मग तसाच डावा डोळा मिटून त्याने बॉनेटच्या आत बघितलं.

"ताई, बॉनेटच्या आत चिठ्ठी चिकटवलीय. किती गॅस लिहिलाय?"

"आठशे ग्रॅम," ताई गाडीतून उतरून वाचत म्हणाली. "तुला वाचता येत नाही?"

"अक्षर बारीक आहे."

"बारीक? एवढ्या अक्षरात मी फळ्यावर लिहायचे!" तिने काट्यावरचा आकडाही वाचला. "रिकामा सिलिंडर वजा केला तर अकराशे." त्या काट्याच्या डुगडुगत्या पायाखाली घडी घालून सरकवलेला एक कागदही तिच्या नजरेने टिपला.

थंडोबाने मोजून आठशे भरला. नळीवर हात ठेवला. नळी गारेगार होती, तिला घाम सुटला होता. मीटरचा काटाही शहाण्यासारखा जागेवर होता. फक्त काचेत फेस.

"तू बघ जरा," तो हळूच म्हणाला. उभ्या जन्मात त्याने हे कोणाला म्हटलं नव्हतं.

"नितळ आहे. प्यायच्या पाण्यासारखी."

"थापा मारू नकोस."

"मी? शिंकेची गोष्ट मी सांगते का तू? दुसऱ्या डोळ्याने बघ."

"मला उजवा डोळा एकटा मिटता येत नाही."

"माहितीये," म्हणत ताई मागे आली आणि लहानपणी लपाछपीत झाकायची तसा तिने त्याचा उजवा डोळा तळव्याने झाकला. फेस गेला. तिने हात काढला, त्याने डावा मिटला. फेस परत आला.

"पुन्हा झाक."

तीनदा झाकून झालं. मग थंडोबाने इतका मोठा सुस्कारा सोडला, की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढे गेलं. हात गेला नव्हता. हात शाबूत होता.

ताईने काट्याखालचा कागद ओढून उलगडला. चार महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेला, उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा.

"काटा डुगडुगत होता," थंडोबा पुटपुटला.

"माझं लांब जाणं रद्द. उद्या दोघांनी इथे जायचं," ताईने कागदावरच्या पत्त्यावर बोट ठेवलं.

"बरं. पण आज त्या तिघांना फोन लाव. गाड्या घेऊन या म्हणावं. मी भरतो, तू आकडे वाच."

संध्याकाळपर्यंत तिन्ही गाड्या गार होऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी ताईच्या शेजारी बसून थंडोबा दवाखान्याकडे निघाला. एसीचा झोत थेट तोंडावर येत होता. अर्ध्या वाटेत त्याला सणसणीत शिंक आली. डॅशबोर्डवर काहीच पडलं नाही.

पण त्याने वाकून बघितलं, उजव्या डोळ्यावर स्वतःचा तळवा ठेवून.