जेवण चांगलं निघालं तो वाढदिवस

सूनबाईच्या सासरी कुणाचाही वाढदिवस असला की सगळे त्या महागड्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला जायचे, आणि तिथलं जेवण दर वेळी वाईट निघायचं. सूप कोमट. पास्ता एक तर कच्चा, नाही तर नुसता लगदा. पाव टेबलावर ठेवला की आवाज व्हायचा. बशी मात्र एवढी ऐसपैस की तिच्यात तान्ह्या बाळाला आंघोळ घालावी, आणि तिच्या मधोमध जेमतेम दोन घासांचा ऐवज. बिल आलं की ते कातडी पाकिटातून यायचं आणि वेटर तोंड दुसरीकडे फिरवून उभा राहायचा. तेवढी लाज त्याला होती म्हणायची.

सासरे, म्हणजे अप्पा, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेली. ते बशीकडे एकदा बघायचे, क्षणभर डोळे मिटायचे, आणि मुकाट्याने जेवायला लागायचे. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. वेटरने "आज आमचा मशरूम तुमच्याशी संवाद साधेल" असं काही म्हटलं की त्या मान खाली घालून मांडीवरचा नॅपकिन नीट करायच्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या हॉटेलच्या स्वयंपाकघराचं झुलतं दार दर उघडझापीला कुरकुरायचं आणि त्याचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. पण वेटरने येऊन "सगळं व्यवस्थित ना?" विचारलं की अप्पा म्हणायचे, "उत्तम." बाकीचे माना डोलवायचे.

सूनबाई पहिल्यांदा तिथे गेली ती नवऱ्याच्या वाढदिवसाला. लग्नाला महिनाही झाला नव्हता. घरी परतल्यावर दारात चपला काढता काढता तिघेही तिच्याकडे बघायला लागले. काहीतरी बोलण्याची वाट बघतायत हे तिला कळलं. चांगल्या घरातली मुलगी जे बोलते तेच ती बोलली.

"छान होतं हं जेवण, आई."

तिघांचे चेहरे पडल्यासारखे झाले.

"हो का?" सासूबाई म्हणाल्या. "आवडलं ना तुला? मग झालं तर."

मग सगळे आपापल्या खोल्यांत गेले. नवरा म्हणाला, पाणी पिऊन येतो. पाणी प्यायला किती वेळ लागावा? थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. सूनबाईचा व्यवसायच कानांचा. दवाखान्यातल्या बंद खोलीत लोकांच्या कानांना यंत्रं लावायची आणि ऐकू येतंय का विचारत बसायचं, हे तिचं रोजचं काम. हे हसू मोकळं नाही, कुणालातरी ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरून दाबलेलं आहे, एवढं तिला भिंतीपलीकडूनही कळलं. आणि त्या घरात ऐकू जाऊ नये असं दुसरं होतं कोण?

ती उठून गेली. टेबलापाशी तिघं, मध्ये उकडलेली अंडी, पाव, लोणी. तिला बघताच तिघंही मूग गिळून बसली.

"काय गं, पाणी हवंय का?" सासूबाईंनी विचारलं. "तू कशाला उठलीस? हाक मारायचीस, आणून दिलं असतं."

तिने नको असलेलं पाणी घेतलं आणि परत आली. नवरा आला तेव्हा हसून हसून त्याचे डोळे लाल झाले होते. "कशाला हसत होता?" तिने विचारलं. "काही नाही गं, असंच," तो म्हणाला.

पुढे सासूबाईंच्या वाढदिवसाला हेच घडलं. या वेळी तिने कौतुकात हात आखडता घेतला नाही. "सूप तर फारच छान," असंही वर म्हणाली. हसणं आणखी वाढलं.

आता खरं तर तिला सासरी कसलाच त्रास नव्हता, आणि तोच तिचा त्रास होता. न डुगडुगणारी खुर्ची तिला. कानाचा टवका न उडालेला कप तिला. घरातली माणसं एकमेकांवर दिवसभर खेकसायची. टॉवेल ओला ठेवला म्हणून, दिवा चालू राहिला म्हणून, मीठ जास्त पडलं म्हणून. तिने दिवा चालू ठेवला तर कुणीतरी गुपचूप येऊन बंद करून जायचं. एकदा तिच्या हातून दूध उतू गेलं, सगळा ओटा भरला, तर सासूबाई म्हणाल्या, "असू दे हं, ओटा तसाही पुसायचाच होता." पाहुण्याने दूध उतू घातलं तर हेच म्हणतात. आपण या घरात जन्मभर पाहुणी म्हणून राहणार आणि पाहुणी गेली की माणसं हसतात तशी ही माणसं आपल्यामागे हसणार, हे तिच्या मनातून जाईना. आपल्याला कुणी शाबासकी द्यावी असं तिला वाटत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या त्या टेबलाशी एक खुर्ची तिला हवी होती, डुगडुगणारी का असेना.

अशात एक दिवस तिच्या दवाखान्यात त्या रेस्टॉरंटचा मोठा शेफ आला. भांड्यांच्या खणखणाटात वर्षानुवर्षं काढून त्याचे कान गेले होते. सूनबाईने खपून त्याचं यंत्र बसवून दिलं, त्याचा आवाज बारीकमोठा करून दिला, कुरबुर काढली. आता बाहेर मोटार थांबल्याचं ऐकू येतं म्हणून तो माणूस इतका गहिवरला की म्हणाला, "तुमच्यासाठी काय करू सांगा."

तिने एकच गोष्ट मागितली. अप्पांचा वाढदिवस जवळ आला होता. त्या दिवशीचं जेवण त्याने स्वतःच्या हाताने करावं.

"मी?" शेफ म्हणाला. "मी तर हल्ली फक्त फोटोत असतो." मग जरा विचार करून म्हणाला, "करतो."

सूनबाई खुश झाली. या लोकांचं त्या हॉटेलवर एवढं प्रेम, आणि बिचाऱ्यांना तिथे एकदाही धड जेवायला मिळू नये! आपल्या हातून ते घडलं तर टेबलाशी खुर्ची मिळेलच मिळेल, असा तिचा हिशेब होता.

अप्पांच्या वाढदिवसाला सगळे ठेवणीतले कपडे घालून नेहमीच्या टेबलावर जाऊन बसले. वेटर आला. मशरूमच्या संवादाबद्दल तो काही बोलला नाही. "नमस्कार, बसा," म्हणाला आणि पाणी ओतून गेला. सासूबाई नॅपकिन हातात धरून थोडा वेळ वाट बघत राहिल्या.

सूप आलं. वाफाळत होतं.

अप्पांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबले. दुसरा घातला. मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं, आणि मुलाने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, कारण ते आवाज न करता उघडत होतं. कुणीतरी बिजागरीला तेल घातलं होतं. पाव मऊ होता. पास्ता जसा असायला हवा तसा होता, आणि भरपूर होता. अप्पांनी बशीकडे बघून डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. तक्रारीला जागाच नव्हती. खात्यात असते तर शिक्का मारून मोकळे झाले असते.

ते सगळे अतिशय उत्तम जेवण जेवत होते आणि घासागणिक त्यांचे चेहरे उतरत चालले होते. नवऱ्याने शेवटचा आशेचा किरण म्हणून गोड मागवलं. ते सगळ्यांत चांगलं निघालं.

मग टोपी घातलेला शेफ स्वतः बाहेर आला, सूनबाईपुढे वाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ताई, तुमच्या शब्दाखातर उभा राहिलो चुलीपुढे. कसं होतं?"

"म्हणजे हे तू सांगितलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," सूनबाई लाजत म्हणाली. "अप्पांसाठी."

अप्पांनी हात जोडले. "फार उपकार झाले," ते म्हणाले. कर्ज नामंजूर झाल्याचं ऐकून बँकेतून उठताना माणूस म्हणतो, त्या आवाजात.

घरी आल्यावर दारात कुणी थांबलं नाही, कुणी तिच्याकडे बघितलं नाही. नवरा पाणी पिऊन येतो म्हणाला आणि चक्क पाणी पिऊन आला. स्वयंपाकघर शांत होतं. सूनबाई ऐकत राहिली, पण ऐकण्यासारखं काही नव्हतंच.

"माझं काय चुकलं?" तिने शेवटी विचारलं. "चांगलं नव्हतं का जेवण?"

"चांगलंच होतं," नवरा म्हणाला आणि पलंगाच्या कडेवर बसला. "अगं, आम्ही तिथे जेवायला जातच नाही."

"मग कशाला जाता?"

"नंतरसाठी." तो जरा ओशाळला. "अप्पा निवृत्त झाले तेव्हा खात्यातल्या लोकांनी तिथे नेलं होतं. इतकं भयंकर जेवण, की घरी येऊन अंडी उकडली आणि आम्ही हसून हसून लोळलो. आई सगळ्या वेटरांचे आवाज काढते. अप्पा कुठल्या बशीत किती कमी भरलं ते सांगतात. वाढदिवस तोच असतो गं आमचा. ते जेवण म्हणजे नुसती सामग्री."

"आणि मला सांगायचं नाही?"

"पहिल्याच दिवशी तू छान होतं म्हणालीस. तुला खरंच आवडलं असेल तर तुझ्यासमोर नावं कशी ठेवायची? आई म्हणाली, नव्या मुलीचं मन मोडू नका."

सूनबाईला रडू आलं आणि रागही आला, आणि आधी कशाला वाट द्यावी हे न कळून ती नुसतीच उठली. स्वयंपाकघरात दिवा होता. अप्पा आणि सासूबाई टेबलाशी समोरासमोर बसले होते. मध्ये काहीच नव्हतं. अंडी उकडली नव्हती. ज्यांची गाडी चुकली आहे अशी दोन माणसं बाकावर बसावीत तशी ती बसली होती.

"आई, अप्पा," ती म्हणाली, "मला ते जेवण कधीच आवडलं नव्हतं. सूप थंड असायचं. पास्त्याचा लगदा असायचा. मी खोटं बोलले."

मागून नवरा येऊन दारात उभा राहिला.

"कधीपासून?" अप्पांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि आजचं?"

"आजचं चांगलं होतं."

"तेच तर," अप्पा खिन्नपणे म्हणाले. त्यांनी आयुष्यात खोटं माप दिलं नव्हतं, वाढदिवसासाठीसुद्धा ते देणार नव्हते.

"मग एवढं छान छान कशाला करत होतीस?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हाला आवडतं असं वाटलं म्हणून."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान किंचित डावीकडे कलती केली, एक छोटासा श्वास आत ओढला, आणि त्यांच्या तोंडून हुबेहूब सूनबाईचा आवाज बाहेर आला.

"छान होतं हं जेवण, आई. सूप तर फारच छान."

नवऱ्याच्या नाकातून हसू फुटलं. अप्पांचे खांदे हलायला लागले. सूनबाई कानापर्यंत लाल झाली. आवाज तिचाच होता, श्वाससुद्धा तिचाच होता, आणि तो आजच्या आज बसवलेला नव्हता हे ओळखायला कानांचा तज्ज्ञ लागत नव्हता.

"म्हणजे माझ्यावरच हसत होता!"

"वेटरांवर पण हसायचो," नवरा म्हणाला.

"पण शेवट तुझ्यावरच व्हायचा," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात आता जीव आला होता. "आणि तो काटा कसा धरते बघा, कुणाला तरी इंजेक्शन द्यायला निघाल्यासारखा."

"आणि सगळ्या घरात दिवे लावत हिंडते," सासूबाई म्हणाल्या. "मागून मी आपली बंद करत फिरते. दूध किती उतू घातलं होतं त्या दिवशी! बाई गं, ओटा पुसता पुसता माझी कंबर मोडली."

"पांघरूण सगळं ओढून घेते," नवऱ्याने दारातून भर घातली.

तिला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पाठीमागे हसत होते हे खरंच निघालं की. पण आता ते पाठीमागे नव्हते, तोंडावर होते, आणि एकमेकांच्या तोंडून शब्द काढून घेत होते. इतक्या दिवसांत या घरात पहिल्यांदाच तिला कुणी नावं ठेवत होतं. कुणी बस म्हटलं नव्हतं, तरी तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"अशी गप्प का?" अप्पा म्हणाले. "तुझ्यावरच चाललंय. बोल की काहीतरी."

सूनबाईने सासूबाईंकडे पाहिलं. तिने डोळे बारीक केले, हनुवटी वर उचलली, आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली,

"काय गं, पाणी हवंय का? तू कशाला उठलीस? हाक मारायचीस, आणून दिलं असतं."

नवऱ्याचं हसू जागच्या जागी थिजलं. अप्पा छताकडे बघायला लागले. त्या घरात सासूबाईंचा आवाज आजवर कुणी काढला नव्हता. काढायची कुणाची छाती नव्हती. सूनबाईच्या मनात आलं, संपलं, आता उद्यापासून पुन्हा चांगला कप.

सासूबाईंनी बराच वेळ तिच्याकडे रोखून पाहिलं.

"बरोबर नाही आला," त्या म्हणाल्या. "नाकातून काढ जरा. पुन्हा कर."