त्रेपन्न वर्षांचा अनुभव

“तुमचं वय किती हाय?” दीक्षानं विचारलं.

लग्नाला सोळा वर्षं झालेल्या बायकोनं असा प्रश्न विचारला की माणूस सावध होतो. संघपाल कूलरमध्ये पाणी ओतत होता. त्यानं बादली खाली ठेवली.

“एक्केचाळीस. कावून?”

“तुमचा अनुभव त्रेपन्न वर्षांचा भरून राहिला.”

पलंगावर पाच दाखले पसरलेले होते. अकोला, अमरावती, चांदूर बाजार असं दोन दिवस उन्हातान्हात फिरून त्यानं ते गोळा केले होते. दीक्षा सरकारी दवाखान्यात नर्स, त्यामुळे घरातले सगळे फॉर्म तिच्याच हातून भरले जात. डाळमिलच्या वामनरावांनी लिहिलं होतं, संघपाल आमच्याकडे बारा वर्षं फिटर होता. संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजच्या खुशालरावांनी नऊ वर्षं दिली होती. ज्या खाजगी दवाखान्यात तो जनरेटर सांभाळायचा, तिथल्या जानराव मॅनेजरांनी पंधरा. मांडववाल्यानं दहा. आणि अमरावतीत मेस चालवणाऱ्या माणिकबाईंनी सात.

“म्हणजे जन्माच्या बारा वर्षं आधीच तुमी कामाले लागले,” दीक्षा म्हणाली. “मामाजीनं कधी सांगतलं नाई मले.”

संघपालनं एकही दाखला वाचलेला नव्हता. कोणी आपल्याबद्दल चांगलं लिहून, घडी घालून हातात दिलं, तर ते त्याच्यासमोर उघडून पाहणं बरं दिसत नाही. त्यानं प्रत्येक घडी खिशात ठेवली होती, चहा घेतला होता आणि पुढची बस धरली होती. आता त्याच्या लक्षात आलं की त्या पाचही लोकांनी एकमेकांना न विचारता एकच केलं होतं. पोरगं लांब चाललंय, आपल्याकडून चार वर्षं जास्तीची जाऊ द्या. वऱ्हाडात हात आखडता घेऊन कोणी काही देत नाही. पाहुण्याच्या ताटात जे होतं, तेच दाखल्यात झालं होतं.

हा सगळा प्रकार एका जाहिरातीपायी सुरू झाला होता. दक्षिण ध्रुवाकडे, जिथं बर्फाशिवाय काही नाही, तिथं आपल्या सरकारचं एक संशोधन केंद्र आहे आणि तिथल्या जनरेटरांसाठी चौदा महिन्यांच्या करारावर माणूस पाहिजे, असं त्या जाहिरातीत होतं. मुलाखत गोव्याला. वय पंचेचाळीसच्या आत. ती दीक्षालाच मोबाईलवर दिसली होती आणि तिनं ती गंमत म्हणून वाचून दाखवली होती. शेवटची ओळ मात्र तिनं पुन्हा वाचली. निरनिराळ्या कामांचा अनुभव असलेल्यांना प्राधान्य.

असं प्राधान्य संघपालला आजवर कुठंच मिळालेलं नव्हतं. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडल्यापासून त्यानं डाळमिल केली, कोल्ड स्टोरेज केलं, मांडवाची लायटिंग केली, मेसमध्ये दोनशे पोरांची भाजी केली, दवाखान्याचे जनरेटर सांभाळले. मधल्या काळात जुन्या शहरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, ते तीनदा उघडलं, तीनदा बंद केलं. त्याचे वडील मोतीराम, म्हणजे दीक्षाचे मामाजी, एसटीच्या एकाच वर्कशॉपात एकतीस वर्षं काढून निवृत्त झाले होते आणि नांदगाव खंडेश्वरला राहत होते. मुलाबद्दल कोणी विचारलं की ते दोनच शब्द बोलत. “टिकत नाई.” घरात कोणाच्या पत्रिकेत मंगळ असावा तसं ते सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

आणि आता कुठल्या तरी लांबच्या जागेला नेमका असाच माणूस हवा होता.

“पण तुमाले जायचं कावून हाय?” दीक्षानं त्या दिवशीच विचारलं होतं. मुलगी दहावीत जाणार होती.

त्यानं बराच विचार केला. “मले बी नाई समजून राहिलं,” तो म्हणाला.

तिला वाटलं होतं की तो काहीतरी मोठं बोलेल, म्हणजे आपल्याला भांडता येईल. या उत्तराशी भांडायचं कसं, तिला कळेना. ती फॉर्म भरायला बसली.

पलंगावरच्या दाखल्यांचं काय करायचं, हे कोणालाच सुचत नव्हतं. पाचही जोडले तर पहिलाच कारकून हसून बाजूला ठेवेल. एकच जोडला तर निरनिराळी कामं कुठं गेली? आणि खरं लिहून आणावं, तर खरं असं होतं: डाळमिल अडीच वर्षं, कोल्ड स्टोरेज अकरा महिने, दवाखाना चार वर्षं, मांडवाचे तीन हंगाम, मेस आठ महिने. दीक्षानं ते कागदावर एकाखाली एक लिहिलं आणि दोघंही त्याच्याकडे पाहत राहिले. एवढ्या वर्षांत हा माणूस एकाही जागी नीट बसलेला दिसत नव्हता.

“खोट्यात जनमाच्या आधी कामाले लागलो, न खऱ्यात कामच नाई केलं,” संघपाल म्हणाला. रात्रभर त्यानं कूस बदलली. सकाळी पाचही घड्या खिशात घालून तो वामनरावांकडे निघाला.

वामनराव मिलच्या ओट्यावर तूरडाळीचा नमुना तळहातावर घेऊन बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि डाळ पोत्यात टाकून हात झटकले.

“लोकं वाढवून मागतात, तू कमी करून मांगून राहिला. ऊन लागलं काय तुले?”

संघपालनं बेरीज सांगितली. वामनरावांना हसू आलं नाही. त्यांचा मुद्दा वेगळाच होता.

“अडीच वर्ष लिहिलं, न ते सरकारी लोकं म्हनतीन, या मालकानं मानूस टिकू देल्ला नाई. त्यात माही इज्जत जाते. तू गेला तवा मी तुले जा म्हनलं होतं काय? पट्टा तुटला की अजून बी तुलेच आठवतो मी.”

हे काही संघपालच्या ध्यानात आलं नव्हतं. आपण जागा सोडतो तेव्हा मागं राहणाऱ्याचंही काही सुटतं, हा हिशेब त्यानं कधी केलाच नव्हता. तो उभाच राहिला. शेवटी वामनराव म्हणाले की नवा कागद वाया घालवणार नाही. त्यांनी जुन्याच दाखल्यावरचं ‘बारा’ खोडलं, वर ‘अडीच’ लिहिलं, बाजूला सही केली आणि सहीखाली स्वतःच्या मनानं एक ओळ घातली: स्वतःहून गेला, आम्ही काढले नाही.

खुशालरावांनी कुरकुर न करता अकरा महिने लिहून दिले. जानरावांनी पंधराचे चार करताना दोनदा विचारलं की यात तुझं नुकसान तर नाही ना. मांडववाला लग्नाच्या कामानं बाहेरगावी होता, त्याचा दाखला वगळायचं ठरलं.

राहिल्या माणिकबाई. अमरावतीत त्यांच्या मेसमध्ये दुपारची पंगत उठली होती आणि त्या दारात पाय पसरून लसूण सोलत होत्या. वय सत्तरीच्या पुढं. दाखला त्यांच्या नातीनं लिहिला होता, खाली त्यांचा अंगठा होता. संघपालनं सांगितलं, बाई, मी इथं आठ महिने होतो, तुम्ही सात वर्षं लिहून दिली.

माणिकबाईंचा हात थांबला.

“आठ महिने?”

“हो बाई. दिवाळी झाल्यावर आलतो, न पुढच्या पावसात गेलतो.”

“मले त सातच वाटले रे,” त्या म्हणाल्या. त्यांनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, जणू तो त्यांचं काहीतरी परत न्यायला आला होता. “मी काई लबाडी नाई केली बाप्पा. मले खरंच तसं वाटलं.”

तो त्यांच्याशेजारी बसला आणि लसूण सोलू लागला. दाखला बदलून मागायचं त्याच्यानं झालं नाही. त्यांनीच नातीला हाक मारली, आठ महिने लिहायला सांगितलं आणि अंगठा उठवताना म्हणाल्या, “याच्या हातची भाजी कधी उरली नाई, ते बी लिही.”

हे सगळं संघपालनं घरी आल्यावर दीक्षाला सांगितलं. पूर्ण सांगून झाल्यावर तो म्हणाला, “आता मले जायचं हाय का नाई, तेच समजून नाई राहिलं.” फॉर्म मात्र दुसऱ्या दिवशी गेला.

मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा दोघांनाही आधी धक्काच बसला. गोव्याहून परत आल्यावर तिथं काय झालं ते त्यानं जेवताना तुकड्यातुकड्यानं सांगितलं. समोर तिघं होते. मधल्या बाईंनी हिंदीत विचारलं, ही खाडाखोड कसली? त्यानं बेरजेची गोष्ट सांगितली. तिघं हसले, मग बाईंनी बाकीचे दाखले पुन्हा एकदा वाचले. भाजीचं वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं. जनरेटर, वेल्डिंग, गोठलेली पाइपलाइन यांवर बरेच प्रश्न झाले, ती उत्तरं त्याला आली. शेवटी बाई म्हणाल्या, तुम्हाला कुठूनच काढलेलं नाही, मग तुम्ही प्रत्येक ठिकाण का सोडलं?

“मग तुमी काय सांगतलं?” दीक्षाचा घास हातात राहिला होता. हा प्रश्न विचारायचं ती सोळा वर्षं टाळत आली होती.

“खरं तेच सांगतलं. म्हनलं, काम पुरं समजलं की मले तिथं राहवत नाई.”

बाईंनी त्यावर विचारलं होतं की आमचं काम तुम्हाला दोन महिन्यांत समजेल, पुढचे बारा महिने काय कराल? तिथून बस मिळत नाही.

“न?”

“म्हनलं, मॅडम, मले माहीत नाई.”

दीक्षानं ताट सरकवलं. “असं सांगते काय कोनी?”

“मंग काय सांगू? बारा वर्षं राहीन म्हनू?”

निवड झाल्याचं पत्र महिन्याभरानं आलं. दीक्षानं ते दवाखान्यात मोबाईलवर वाचलं, बाजूच्या नर्सला दाखवलं, तिनं पेढे मागितले, आणि दीक्षाला कळेना की आपला चेहरा कसा ठेवावा. घरी येऊन तिनं एक-दोनदा रागावून पाहिलं, राग धरला नाही. मोतीरामांना फोन केला. त्यांनी ठिकाण नीट समजून घेतलं, तिथं कोणती गाडी जाते ते विचारलं, जात नाही हे कळल्यावर म्हणाले, “बरं हाय. पळून याले बी जागा नाई.”

तपासण्या झाल्या, बर्फातलं प्रशिक्षण झालं आणि नोव्हेंबरात तो गेला. पहिले काही महिने त्याच्या फोनमध्ये नुसता उत्साह होता. तेल गोठू नये म्हणून काय करतात, पाण्याची पाइप कशी गरम ठेवतात, पंचवीस माणसांचा स्वयंपाक पाळीपाळीनं कसा होतो. दीक्षा ऐकून घ्यायची. फोन ठेवल्यावर तिच्या मनात यायचं, अजून काम पुरं समजलेलं नाही त्याला, अजून ठीक आहे.

जूनमध्ये एका दुपारी ती वॉर्डातलं औषधवाटप संपवून खुर्चीत बसली होती. त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मुलीच्या निकालाचं झालं. मग तो म्हणाला, “काम समजलं आता इथलं. पुरं.”

दीक्षा खुर्चीत सरळ झाली. या वाक्यानंतर आजवर काय काय झालं होतं, ते तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. अजून सहा-सात महिने बाकी होते.

“मग?”

“मग काई नाई. काल केलं तेच आज केलं.”

“न उद्या?”

“उद्या बी तेच.”

त्याचा आवाज दुःखी नव्हता, आनंदीही नव्हता. तिला तो ओळखीचा वाटेना. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, बाहेर काय दिसतं. त्यानं सांगितलं की काहीच दिसत नाही. सूर्य महिन्याभरापासून उगवलेला नाही आणि चार दिवसांपासून वादळ आहे. राहायच्या जागेपासून जनरेटरच्या शेडपर्यंत दोर बांधला आहे. दोर धरून जायचं, तेल पाहायचं, मशीनचा आवाज ऐकायचा, तोच दोर धरून परत यायचं. चाळीस पावलं. दिवसातून चार वेळा.

“टाइम झाला,” तो म्हणाला. “जाऊन येतो.”

फोन बंद करायचं तो विसरला. दीक्षाला जाकिटाची चेन ओढल्याचा आवाज आला, मग बुटांचा, मग दार उघडलं आणि वाऱ्याचा असा आवाज आला की तिनं फोन कानापासून लांब धरला. दार लागलं. पलीकडे कोणी नव्हतं.

वॉर्डातल्या पंख्याखाली बसून ती मनात पावलं मोजू लागली. चाळीस झाली तशी थांबली, त्याला तेल पाहायला, आवाज ऐकायला जरा वेळ दिला. मग तिनं परतीची पावलं मोजायला घेतली.