खालचं वारं

तुळजापूरच्या त्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येई, आणि ज्या दिवशी येई त्या दिवशी घरातली सगळी कामं त्याच्या मागं धावत. त्या सकाळीही गोपाळकृष्ण नळाला पाईप जोडून हौद भरत होते. पाईप मधूनच निसटे, त्यांचा पायजमा भिजे, आणि ते काहीतरी पुटपुटत तो पुन्हा बसवत. त्यांच्या पत्नी शामलाबाईंनी दूध तापत ठेवून मेथीची जुडी सोडली होती. त्यांची सून भैरवी मात्र माडीवर दार लावून, डोक्यावरून वाकळ पांघरून, अरबी समुद्राविषयी बोलत होती.

वाकळ आवाजासाठी होती. माडीच्या उघड्या भिंतींवर शब्द आदळून घुमत. जुन्या लुगड्यांच्या त्या जाड पांघरुणाखाली ते मऊ आणि जवळचे होत. कोकणातल्या मच्छीमारांना रोज फोनवर समुद्राचा अंदाज ऐकवणारी एक संस्था रत्नागिरीत होती. पहाटे हवामानाचं इंग्रजी पत्रक यायचं. त्याचं मराठी करून ते स्वतःच्या आवाजात संस्थेकडे पाठवायचं, हे भैरवीचं काम. समुद्र तिनं एकदाच पाहिला होता, कॉलेजच्या सहलीत, बसच्या खिडकीतून.

तरी त्या पत्रकाची तिला विलक्षण ओढ होती. सोमालियाच्या किनाऱ्यापासून अंदमानपर्यंतचं सगळं पाणी त्यात दोन पानांत मावलेलं असे. कुठं लाटा चढताहेत, कुठं ढगांची गर्दी झालीय, कुठं हवेचा दाब हळूहळू उतरतोय. भर समुद्रात तरंगणारी यंत्रं, आकाशातून फिरणारे उपग्रह आणि रात्रभर जागून ते सगळं वाचणारी माणसं यांनी मिळून लिहिलेलं ते कोरडं गद्य वाचताना तिला दरवेळी वाटे, इतक्या अफाट गोष्टीविषयी इतकं नेमकं बोलता येणं हीच केवढी मोठी विद्या आहे. तिची समजूतही साधी होती: पत्रकातलं काहीही वाटेत सांडायचं नाही.

गेल्या आठवड्यात संस्थेच्या सुरजनं फोन केला होता. "मॅडम, ते ईशान्य, आग्नेय लोकांना पटकन कळत नाही. घरी बोलता तसं बोला ना." तिलाही ते पटलं होतं. म्हणून आज, दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा तयार झालाय आणि दुपारनंतर पूर्वेचा जोरदार वारा सुटणार आहे असं पत्रकात आल्यावर, तिनं घरच्यासारखं सांगितलं, "दुपारनंतर खालचं वारं सुटंल. जोर मोठा राहील. खोल पाण्यात जाऊ नका."

संदेश गेला. मेथी निवडू लागावं म्हणून ती फोन घेऊन खाली आली आणि पाठवलेलं सवयीनं पुन्हा ऐकू लागली.

शामलाबाईंचं माहेर हर्णैच्या बाजूचं. लग्न होऊन इकडं आल्याला आता आयुष्य झालं होतं, पण समुद्राचं नाव निघालं की त्यांचे हात थांबत. आताही थांबले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "किनाऱ्याजवळ जाणारी पोरं आज फार वल्हवणार नाहीत. वारंच आणून सोडील घरी."

"कसं काय?"

"तूच म्हणालीस की, खालचं वारं. खालचं वारं होडीला घराकडे ढकलतं."

भैरवी हसली. "आई, खालचं म्हणजे नळदुर्गाकडचं. बोरी नदी खाली वाहते ना, त्या अंगाचं. पूर्वेचं."

"पूर्व खाली कशी असेल ग? पूर्वेला तर घाट. घाट वर आणि दर्या खाली." शामलाबाईंनी मेथीची काडी आधी छताकडे, मग उंबऱ्याकडे दाखवली. "आमच्याकडे पाणी पश्चिमेला उतरतं."

हौदाकडून गोपाळकृष्णांचा आवाज आला, "घ्या. एवढी वर्षं आमच्यात राहून हिची पूर्व अजून वरच आहे."

"तुमची खाली आहे म्हणून पाईप निसटतो," शामलाबाई म्हणाल्या.

भैरवी हसली नाही. तिच्या हातातली मेथी तशीच राहिली होती. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा किनाऱ्याजवळचं पाणी सपाट ठेवतो, हे तिनं कितीदा वाचलं होतं. काठावरून बघणाऱ्याला समुद्र शांत दिसतो; धोका कळतो तो परतताना, तोंडावर वारा घेऊन. आणि आज तिनं त्या माणसांना सांगितलं होतं की वारा तुम्हाला घरी आणील. शब्द तिच्या घरातला होता, खरा होता, फक्त डोंगराच्या पलीकडं गेल्यावर उलटा झाला होता.

"आई, लहान होड्या कधी निघतात?"

शामलाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांना कळलं. "भरतीवर असतं ते. पण आज उशिरा निघतील बहुतेक. दुपारच्या वाऱ्यावर यायचं म्हणून." मग हळूच, "अजून असतील ग काठावर. कर फोन."

सुरजनं दोनदा विचारून समजून घेतलं.

"दुसरा संदेश लगेच पाठवता येईल," तो म्हणाला. "पण मॅडम, चूक झाली असं नका म्हणू. लोकांचा विश्वास जातो. 'तांत्रिक कारणामुळे सुधारित अंदाज' एवढं म्हणा आणि पूर्वेचा वारा सांगून टाका. आमची पद्धत तीच आहे."

"आणि सकाळच्या खालच्या वाऱ्याचा ते काय अर्थ समजलेत, त्याचं काय?"

"ते आता कशाला उकरायचं? उद्या तुमचा आवाज आला की हसतील लोक. घाटावरची बाई आम्हाला वारं शिकवते म्हणतील."

"पाठवते," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

माडीवर जाताना तिच्यामागून शामलाबाईही जिना चढल्या, गुडघ्यावर हात टेकत. भैरवीनं कागदावर सुरजचं वाक्य लिहिलं आणि ते वाचून पाहिलं. सुबक वाक्य होतं. जाळं खांद्यावर घेऊन वाळूत उभा असलेला माणूस 'तांत्रिक कारणामुळे' ऐकून फोन खिशात टाकील, हेही तिला तितकंच स्पष्ट दिसलं. पुढचं ऐकायला तो थांबायचाच नाही. आणि थांबला तरी, सकाळी जे ऐकलं ते उलटं धरायचं, हे त्याला कोण सांगणार? ज्यांनी रात्र जागून तो वारा ओळखला, त्यांचं काम तिच्या एका शब्दावर अडलं होतं. माणसं हसतील. हसू देत.

तिनं कागदावर रेघ मारली.

"आई, तुमच्याकडं पूर्वेच्या वाऱ्याला काय म्हणतील?"

"सरळ सांग. घाटावरनं येणारं वारं. दर्यात ढकलणारं."

वाकळीखाली दोघी बसल्या, कारण शामलाबाईंना बाहेर बसवणं तिला बरं वाटेना. आत अंधार होता आणि जुन्या सुताचा वास. भैरवीनं बटण दाबलं.

"मी भैरवी बोलतेय. सकाळी मी खालचं वारं म्हणाले, ती माझी चूक. मी तुळजापूरची. आमच्याकडं खाली म्हणजे पूर्व. तुमच्याकडं खाली म्हणजे दर्या. आज दुपारनंतरचं वारं दर्यावरनं येणार नाही. ते घाटावरनं येईल आणि होडी बाहेर ढकलील. काठाला पाणी शांत दिसेल, त्यावर जाऊ नका. लहान होड्या आज सोडू नका. शेजारच्यानं सकाळचं ऐकलं असेल, तर त्यालाही सांगा."

ती थांबली. शामलाबाईंनी अंधारात मान डोलावली, ते वाकळीच्या हालचालीवरून तिला कळलं. मग एक शब्दही न बदलता तिनं संदेश पाठवला.