आधी एफ, मग जी

"अकरा नाही, वहिनी. चौदा."

नणंदेनं हे पुन्हा सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परवा माझी प्रवेश परीक्षा. लॅब टेक्निशियनच्या कोर्सला वयाची अट आहे आणि माझं हे शेवटचं वर्ष. या वेळी हुकलं, तर दवाखान्याच्या नोंदणी खिडकीतच माझे केस पिकणार.

नणंद कॉलेजात गणित शिकते. गेला आठवडाभर ती मला जेवणाच्या टेबलावर फंक्शनच्या पोटातलं फंक्शन शिकवत होती आणि माझी सगळी उत्तरं बरोबर येत होती. "वहिनी, तू तर छुपी रुस्तम निघालीस!" म्हणत तिनं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मीही चढले. बीजगणित म्हणजे आपल्या हातचा मळ, असं दवाखान्यात सगळ्यांना सांगूनही टाकलं.

आणि आज एकदम सगळीच चुकायला लागली.

"एफ म्हणजे दुप्पट करायची. जी म्हणजे तीन मिळवायचे," ती म्हणाली. "बाहेर एफ, त्याच्या कंसात जी, जीच्या कंसात चार. पुन्हा कर बघू."

"चारची दुप्पट आठ. आठात तीन मिळवले, अकरा."

"अगं, पण आधी एफ का घेतलास?"

"का म्हणजे? तो पुढे उभा आहे!"

इतकी वर्षं मी खिडकीत बसते. जो पुढे उभा, त्याचं काम आधी. मधे कुणी घुसलं की मीच त्याला मागे पाठवते. एफ पहिला दिसला, मी त्याला पहिला घेतला. यात माझं काय चुकलं?

"ही रांग नाहीये गं! चार कुणाजवळ आहेत? जीजवळ. म्हणून आधी जी. त्यातून जे निघेल ते एफला."

"मग आठवडाभर माझं बरोबर कसं येत होतं?" मी ओरडलेच. आत नवरा भांडी घासत होता, तो खडखडाट एकदम बंद झाला. शहाणा माणूस.

नणंदेनं मागची पानं उलटली आणि तिचा चेहराच उतरला.

"मी तुला सगळी बेरजेचीच दिली होती," ती म्हणाली. "एफमध्ये तीन मिळव, जीमध्ये पाच मिळव. दोनात आधी तीन मिळवले काय नि पाच मिळवले काय, दहाच येणार. तू पहिल्या दिवसापासून उलटं करत होतीस, वहिनी. आणि मी बरोबरच्या खुणा करत बसले."

मला भयंकर राग आला. तिचा आला, माझा आला, त्या हरभऱ्याच्या झाडाचाही आला. अख्खा आठवडा पाण्यात!

"तुला धीर यावा म्हणून सोपी दिली," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. तिला पुढे शिक्षिका व्हायचंय. मी तिची पहिली विद्यार्थिनी.

आता रडून काय उपयोग? मी वही ओढली. चार जीला दिले, सात आले. सात एफला दिले, चौदा. पुढच्या गणितात माझा हात मेला परत एफकडेच गेला. खोडलं. पुन्हा केलं, दात ओठ खात.

"बरोबर!" डोळे पुसत ती म्हणाली. "थांब, आता एक सोपं देते, म्हणजे तुला जरा..."

"सोपं नको," मी म्हणाले. "माझी चूक लपणार नाही, असं दे."