पंचफुला बसली

दारात दोन चपला. एक सुलटी, एक पालथी.

कानाच्या पाळीला लोंबून लांबट झालेलं भोक. त्यात काहीच नाही.

खिडकीच्या गजाला अडकलेला कापसाचा पुंजका.

घडी घातलेला कागद, मुठीत.

भिंतीपलीकडं कोणी मुलगी इंग्रजी वाचते आहे, न अडखळता.

“हिलना नहीं, अम्मा,” मॅडम म्हणाल्या.

पंचफुलानं मान होती तिथंच ठेवली. तिची खुर्ची वर्गाच्या मधोमध. भोवती अकरावीची पोरं, प्रत्येकाच्या मांडीवर फळी, फळीवर कागद. हिच्याकडं बघायची, मग कागदाकडं, मग पुन्हा हिच्याकडं. अर्ज लिहून घेत असतील, असं तिनं मनाशी ठरवलं. तहसीलमध्ये लिहिणारा एकच असतो. ही शाळा, सगळ्यांनाच शिकवत असतील.

बसायचं कसं, हे तिला ठाऊक होतं. पेन्शनीसाठी बसली होती, रेशन कार्डासाठी बसली होती, नवऱ्याच्या मयतीच्या दाखल्यासाठी तर उपाशी बसली होती. बोलावेपर्यंत जागचं हलायचं नाही. हललं की नंबर गेला.

कागद तिच्या लेकाच्या हातचा होता. आदिलाबादच्या या कॉलेजात यंदा दोन जादाचे वर्ग निघाले होते, एक चित्रकलेचा, एक इंग्रजीचा. दोन्ही एकाच वेळेला, त्यामुळं घ्यायचा तर एकच. तिच्या नातीनं, मैत्री तिचं नाव, कोणाला न विचारता चित्रकलेत नाव घातलं. अमरदीपला ते काल कळलं. तहसीलमधला क्लार्क तो. रात्री जेवायच्या आधी अर्ज लिहून मोकळा झाला: मुलीचं नाव चित्रकलेतून काढून इंग्रजीत घालावं. नाव बदलायचा आजचा शेवटचा दिवस. त्याला रजा मिळाली नाही, सून शुभांगी बाजारहत्नूरच्या शाळेत शिकवायला गेलेली. म्हणून माय निघाली. मैत्री सकाळी भाकर तशीच टाकून गेली होती.

पंचफुलाला लेकाचंच पटलं होतं. इंग्रजी आलं की पोरगी कुठंही जाईल. चित्रं काय, चित्रं तर तिनंही काढली होती, पोळ्याला, मालकाच्या बैलांच्या पाठीवर.

दारात ती अर्ज पुढं करून उभी राहिली, तेव्हा चित्रकलेच्या मॅडम म्हणाल्या, “आ गई? बैठिए.” मॅडम वरंगलच्या, नव्या. शिपाई खुशालनं गेटवरच्या भाजीवाल्या बाईला आज पोरांच्या चित्रांसाठी समोर बसायला सांगून ठेवलं होतं आणि ती बाई आलीच नव्हती. पंचफुलाला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं कागद पुन्हा पुढं केला. मॅडमनी तिची मूठ हलकेच मिटली, गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाल्या, हातातच राहू दे, छान दिसतो.

तेवढ्यात मैत्री आत आली, कोळशाच्या कांड्यांचा डबा घेऊन. आजीला पाहिलं आणि थबकली. मग तिची नजर मुठीवर गेली.

पंचफुलानं तोंड उघडलं.

“हिलना नहीं.”

मैत्रीनं डबा ठेवला. आपल्या जागी बसली, फळी घेतली आणि बघू लागली.

नातीचे डोळे पंचफुलाला पाठ होते. रुसलेले, झोपाळलेले, पैसे मागणारे. हे ते नव्हते. कापसाचं बोंड फुटलं की आत बोटं घालण्याआधी वेचणारीण जशी बघते, काटेरी टोकं कुठं, कापूस किती सुटलाय, तसं ही पोरगी बघत होती. आजीच्या कपाळाकडं, गळ्याकडं, बोटांकडं. काही सोडत नव्हती. गावात लोक पंचफुलाकडं लांबून बघायचे आणि पाणी वरून ओतायचे. इतक्या जवळून, इतका वेळ, कोणी बघितलं होतं? ती हलली नाही. आता नंबर जाईल म्हणून नव्हे.

घंटा झाली. पोरांनी फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या.

पंचफुला उठली, गुडघे धरून एकेकीपुढं गेली. एकानं नुसता कान काढला होता, भोकासकट. एकीनं दारातल्या चपला. एकानं खिडकी आणि गजावरचा कापूस, खाली कोपऱ्यात ती एवढीशी. कुठं ती म्हातारी होती, कुठं रागीट, कुठं एखाद्या राणीसारखी ताठ. तिनं पदर तोंडाला लावला.

“माय वं. एवढ्या जणी?”

जिथं तिला पुरतं काढलं होतं, तिथं तिथं मुठीत कागद होता. एका पोरानं तर अर्जाच्या घड्यासुद्धा काढल्या होत्या.

मैत्रीचं चित्र शेवटी होतं. नुसते दोन हात, गुडघ्यांवर उताणे. शिरा, वाकडं बोट, विळ्याचा जुना वण. दोन्ही हात उघडे आणि रिकामे.

पंचफुलानं आपल्या मुठीकडं पाहिलं. मग चित्राकडं.

“अन् कागद काऊन नाई काढला?”

“नाई दिसला मले.” मैत्रीनं खालीच बघत सांगितलं. तिची बोटं काळी झाली होती.

पलीकडं इंग्रजीचा वर्ग सुटला, बाकं सरकल्याचा आवाज आला. मॅडमना आता कुठं शंका आली होती. त्यांनी विचारलं, “अम्मा, आपको कुछ काम था?”

मैत्रीनं मान वर केली.

“नाई,” पंचफुला म्हणाली. “बसालेच आली होती.” आणि कागद कमरेला खोचला.

संध्याकाळी अमरदीपनं दारातच विचारलं, “सही झाली, माय?”

“बसवून ठेवलं ना बापू. बसता बसता वेळच निघून गेली.”

हे वाक्य अमरदीपच्या टेबलापुढं लोक रोज बोलत. तो चपला काढत राहिला.

अमरदीप जन्मला त्या दिवशी पंचफुला दुपारपर्यंत तामसी गावच्या एका शेतात कापूस वेचत होती. तेव्हा तिला बस म्हणणारं कोणी नव्हतं.