निकाली निघालेली तक्रार

धाकटीला एका कंपनीत लागून सात महिने झाले होते, तरी ती नेमकं काय करते हे घरात कुणाला धड ठाऊक नव्हतं. 'लोकांच्या तक्रारी सोडवते,' एवढंच ती सांगायची. त्यापुढे बोलायची बंदी होती. पहिल्याच दिवशी तसं लिहून घेतलं होतं. जहाजांचा एक ऑनलाइन गेम होता, त्याच्या गिऱ्हाइकांना ती उत्तरं द्यायची. सोडवण्याचं म्हणाल, तर तिच्या हातात काहीच नव्हतं. साठेक तयार उत्तरं होती. त्यातलं एक उचलायचं, वर गिऱ्हाइकाचं नाव घालायचं, पाठवायचं. दिवसाला नव्वद तक्रारी, आणि निम्म्यांचं रडगाणं एकच: पैसे भरता येत नाहीत, खातं अडवलंय, का ते सांगा. नेमकं तेच सांगायचं नाही असा नियम होता. सांगितलं तर फसवणारे शहाणे होतात म्हणे.

आणि हाच गेम तिच्या घरात दिवसभर चालायचा.

तिचा थोरला भाऊ लिफ्टचा मेकॅनिक होता. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि कंबरेखाली लुळा झाला. तेव्हापासून बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग, आणि हातात फोन. वहिनी लॉन्ड्रीत इस्त्रीला जायची. दुपारभर दादा एकटाच. पण गेममध्ये त्याच्या हाताखाली चाळीस जणांचा ताफा होता, सगळे त्याला कप्तान म्हणायचे. घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा त्याला कुणी विचारत नसे. तिकडे त्याच्या शब्दाशिवाय जहाज हलत नव्हतं.

एका मंगळवारी दादा जहाजाचे हंगामाचे पैसे भरायला गेला. नेट अडकलं. त्याने बटण पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा. लागोपाठ तीन वेळा पैसे भरायचा प्रयत्न झाला म्हटल्यावर कंपनीच्या यंत्राने त्याला लबाड ठरवलं आणि खातं अडवलं. रविवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर जहाज मोडीत निघणार होतं, कप्तानकी दुसऱ्याकडे जाणार होती.

"ऐका, ऐका," संध्याकाळी जेवताना तो फोन नाचवत म्हणाला. "'आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत.' संयम? मी कधी दाखवला?"

वहिनी हसली. धाकटीचा घास तोंडातच फिरत राहिला. हे बावीस नंबरचं उत्तर. त्या दिवशी तिने स्वतः तीस जणांना पाठवलं होतं.

"खाली नाव नाही, गाव नाही. नुसतं 'आपला मदतनीस'. कोण असतात गं ही माणसं? यांना आई-बाप असतात का?"

"असतील की," धाकटी म्हणाली. "दादा, सारखं सारखं लिहू नकोस. थांब जरा."

"का? गप्प बसू?"

तिला सांगता येईना. प्रत्येक नवा निरोप आला की तक्रार रांगेत पुन्हा मागे जायची. जो जास्त ओरडेल, तो जास्त मागे.

"तुला काय कळतंय त्यातलं," दादा म्हणाला आणि तिथल्या तिथे आणखी एक निरोप धाडला.

शुक्रवारी दुपारी दादाची तक्रार तिच्याच पडद्यावर येऊन पडली. नातेवाइकाचं प्रकरण आलं तर हात न लावता साहेबांकडे द्यायचं, असा दंडक होता. पण ती वाचत गेली. अकरा निरोप. पहिल्यात 'महोदय' होतं. पाचव्यात शिवी होती, सातव्यात त्या शिवीबद्दल माफी. दहाव्यात दादाने लिहिलं होतं: 'हे सांगणार नव्हतो. मला चालता येत नाही. बायको दिवसभर उभी राहून कमावते, बहीण कमावते, मी पडून खातो. इथे चाळीस माणसं माझं ऐकतात. तेवढं काढून घेऊ नका.'

दोन वर्षांत त्याने असला एक शब्द घरात काढला नव्हता. पाठीला फोड आले तरी 'मजेत आहे' म्हणायचा.

ती उठून साहेबांच्या टेबलापाशी गेली. "सर, हा माणूस खरा आहे. घाईत तीनदा बटण दाबलंय, एवढंच."

साहेबांनी मान वर केली नाही. "ओळखीचा आहे?"

"नाही."

"मग कशाला जीव टाकतेस? चोवीस नंबर पाठव आणि बंद कर."

ती जागेवर आली. खातं मोकळं करायचं बटण होतं, पण आधी 'कागदपत्रं तपासली' या चौकटीत खूण करावी लागे. कागदपत्रं कुठली? तिने खूण केली आणि बटण दाबलं.

शनिवारी सकाळी दादाच्या आरोळीने घर दणाणलं. "सुटलं! अगं, सुटलं! शेवटी एक तरी माणूस निघाला तिथे!" त्याने पैसे भरले, आरसा मागून दाढी केली, वहिनीला जवळ बसवून जहाज दाखवलं. रविवारी ताफा जिंकला. धाकटीने त्याला इतकं बोलताना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

सोमवारी साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. समोर दोन कागद होते: दादाच्या खात्यावरचा पत्ता आणि तिच्या अर्जावरचा पत्ता. "ओळखीचा नाही म्हणालीस," एवढंच ते म्हणाले. दहा मिनिटांत गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. नोकरी गेली. दादाचं खातंही कायमचं बंद झालं. कारण म्हणून लिहिलं, 'कर्मचाऱ्याशी संगनमत'. म्हणजे दादा आता खरोखरच लबाड ठरला होता.

ती घरी पोचेपर्यंत ताफ्याने दुसरा कप्तान नेमला होता. तिने दारातच सगळं सांगून टाकलं.

दादाने हातातला फोन पालथा ठेवला. मग म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला? आणखी एक दिवस थांबलो असतो, तर आपोआप सुटलं असतं."

"सुटलं नसतं, दादा. अशी कुणाचीच सुटत नाहीत."

"म्हणजे सात महिने हेच करत होतीस? लोकांना हेच पाठवत होतीस?"

तिने मान खाली घातली. तेव्हा त्याच्या काहीतरी ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी लिहिलेलं वाचलंस? सगळं?"

"नाही रे. वाचायला वेळ कुठे असतो? नंबर बघायचा, उत्तर टाकायचं."

ती सफाईने खोटं बोलली, पण डोळ्यांनी घात केला. दादाने पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

महिन्याभरात तिला चपलांच्या दुकानात काम मिळालं. तिथे गिऱ्हाईक समोर उभं राहून भांडतं, त्याचं तिला बरंच वाटतं. दादाने फोन वहिनीला देऊन टाकला. धाकटीशी तो बोलत नाही असं नाही, पण वहिनीच्या तोंडून बोलतो. धाकटी पलंगापासून चार हातांवर भाजी चिरत बसलेली असते, आणि तो स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणतो, "तिला म्हणावं, खिडकी लाव. वारा लागतोय."

धाकटी उठते, खिडकी लावते आणि पुन्हा भाजी चिरायला बसते.