टाकी क्रमांक एकची चव

...आणि चेंडूच्या मागे, जिथे करंगळी जेमतेम शिरत होती, तिथे काहीतरी मऊ लागलं. केन्यांगीने करंगळी बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. नखावर तपकिरी लगदा – ओला, दाट, शिळ्या पिठाचा असावा तसा. तिने नाक जवळ नेलं, मागे घेतलं, पुन्हा जवळ नेलं, कारण वास घाण नव्हता. सगळा घोटाळा तिथेच होता. वास छान होता.

टाकी क्रमांक एकच्या तळाचा हा व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्ह – आत आरपार भोक पाडलेला पोलादी चेंडू. दांडी पाव फेरा फिरवली की भोक नळीच्या रेषेत येतं आणि बुशेरा, म्हणजे ज्वारीचं आंबवलेलं पेय, बदाबदा वाहतो, उलटी फिरवली की बंद. पाण्याला उत्तम. पण चेंडू आणि त्याचं घर यांच्यामध्ये एक फट असते, आणि ज्वारीचा बुशेरा काही पाणी नव्हे, त्यात कोंडा असतो, कण्या असतात, दर वेळी दांडी फिरली की एखादा घोट त्या फटीत अडकतो आणि मग नळीतून कितीही कढत पाणी सोडा, तो ढिम्म हलत नाही. हे पुस्तकात आहे. हेच तर मी वर्षभर या बायकांना सांगत आलेय, अगदी त्यांनी जांभया देईपर्यंत... आणि आता ते खरं ठरलं तर मला आनंद का होत नाहीये?

कारण सकाळ. सकाळी सहकारी सोसायटीच्या आठ सभासद बायका बाकावर ओळीने बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे दोन मग, कुठल्या मगात कुठली टाकी ते फक्त केन्यांगीला माहीत. टाकी एकला हा जुना बॉल व्हॉल्व्ह. टाकी दोनला दोन आठवड्यांपूर्वी तिने लावलेला पडद्याचा व्हॉल्व्ह – वरून जाड रबरी पडदा दाबला की वाट बंद, आत ना फट ना कोपरा, धुतला की खरोखर धुतला जाणारा. पीठ तेच, पाणी तेच, आच तीच. आठही बायकांनी टाकी एकचा मग उचलून धरला. अध्यक्ष मामा ब्रेंडा, म्हणजे ब्रेंडाची आई, यांनी तर मिशी आल्यासारखा ओठांवरचा फेस पुसला आणि म्हणाल्या, "हा बुशेरा." मग दुसऱ्या मगाकडे हनुवटी करून, "आणि हे... हे बाई दवाखान्यात देतात. बाळंतिणीला."

हसल्या सगळ्या. केन्यांगीही हसली, कारण खरंच होतं ते. टाकी दोनचा बुशेरा गोडमिट्ट, भोळा, कुणाशी कधी भांडण न झालेल्या माणसासारखा होता.

तीन वाजता कंपालाची गाडी निघणार आणि तिच्याबरोबर मागणीचा कागद जाणार – सहा व्हॉल्व्ह, कुठल्या जातीचे ते केन्यांगीने लिहायचं. महिन्याने तपासनीस येणार. प्रमाणपत्र मिळालं तर बुशेरा कंपालाच्या दुकानांत. नाही मिळालं तर ही जागा मिळून उभारणाऱ्या एकशे चाळीस बायका पुन्हा कबालेच्या बाजारात जेरीकॅन घेऊन बसणार. बॉल व्हॉल्व्ह लिहिले तर तपासनीस तिच्यासारखीच करंगळी घालणार. पडद्याचे लिहिले तर प्रमाणपत्र मिळणार... बाळंतिणींच्या पेयाला. आणि चूक करण्याचा तिचा वाटा तर आधीच वापरून झाला होता. मागच्या वर्षी तिने हौसेने बटरफ्लाय व्हॉल्व्ह मागवले – नळीत फिरणारी गोल तबकडी, दिसायला इतकी देखणी – आणि तबकडीच्या कडेला कोंडा अडकून ती पुरती मिटेचना. रविवारची प्रार्थना आटोपून बायका आल्या तर जमिनीवर घोट्याएवढा बुशेरा. "इंजिनियरबाईंनी गावजेवण घातलं," मामा ब्रेंडा म्हणाल्या होत्या, "नुसते पेले मांडायला विसरल्या." अजूनही कुणाकडे लग्न निघालं की पेले मोजायला केन्यांगीलाच बोलावतात.

तिने करंगळी जिभेला लावली. लावायला नको होती, पण लावली. आंबट, मग किंचित धुरकट, मग जिभेच्या कडांना ती ओळखीची चुणचुण – टाकी एक! सगळी टाकी एक या नखाएवढ्या लगद्यात बसली होती. आम्ही पीठ शिजवतो, मोड आलेल्या ज्वारीचं पीठसुद्धा शिजवतो, सुरक्षित म्हणून, आणि समजतो की बुशेरा आपला आपण आंबतो, हवेने, नशिबाने. आणि इथे हा फटीत लपलेला घोट दर खेपेला नव्या टाकीला विरजण लावत होता. नऊ वर्षं. न सांगता.

विरजण... आणि डोळ्यांसमोर मडकं आलं. सासरचं, टेकडीवरच्या घरातलं, नव्या सुनेने तिसऱ्या दिवशी राख आणि वाळू घेऊन आतून-बाहेरून घासघासून लखलखीत केलेलं आणि कौतुकाची वाट बघत अंगणात उन्हात पालथं घातलेलं. बुशेऱ्याचं मडकं कुणी घासत नाही, आतलं विरजण टिकावं म्हणून नुसतं विसळतात, हे तिच्या आईने सांगितलं नव्हतं, कारण हे सांगायचं असतं असं कुणाला वाटत नाही. सासूबाई गोठ्याकडून आल्या. मडक्यापाशी थांबल्या. आत जाऊन त्यांनी एक वाडगं घेतलं, ते अंगावर गुंडाळलेल्या लेसूच्या कापडाखाली झाकलं आणि वरच्या शेजाऱ्यांच्या घराकडे चालू लागल्या, भराभर. चालल्या सांगायला, मला वाटलं. चालल्या, आता टेकडीभर बोभाटा... त्या पाठमोऱ्या चालण्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं केन्यांगी महिन्याच्या पहिल्या रविवारी साखर-साबण घेऊन जाते, ताठ बसते, आणि चहा संपला की निघते.

"काय इंजिनियरबाई! आठ-शून्य!"

दारात तुर्यातुंगा. जुना फिटर, साठी उलटलेला. सोसायटीचे सगळे बॉल व्हॉल्व्ह नऊ वर्षांपूर्वी त्यानेच आपल्या हातांनी बसवलेले, आणि रोज सकाळी त्यांच्या दांड्या तो फडक्याने पुसतो. एका हातात रताळं, चेहऱ्यावर फुटबॉलचा सामना जिंकल्याचा आनंद. त्याच्या मागे अंगणात बायका घेवड्याची उसळ खात बसल्या होत्या आणि त्यांतल्या चार-पाच माना वळल्या.

"तुमचं ते रबर काय म्हणतंय? रडतंय का?"

"रडतंय, काका. जेवलंसुद्धा नाही."

"आमच्या व्हॉल्व्हला हात आहे हात, चव देतो." मग त्याची नजर टेबलावर गेली. "अरे, उघडलात की काय? द्या इकडे. अजून आतून आरशासारखा असेल, पैज लावा. मामा ब्रेंडा, या बघायला!"

त्याने तळवा पुढे केला. व्हॉल्व्हमधून सोडवलेला, लगद्याने माखलेला चेंडू केन्यांगीच्या मुठीत होता. तो नुसता त्या तळव्यावर ठेवायचा होता. काही बोलायचीही गरज नव्हती – मामा ब्रेंडा आल्या असत्या, सगळ्यांनी पाहिलं असतं, मागच्या वर्षीचं गावजेवण एका मिनिटात फिटलं असतं, आणि कागदावर काय लिहायचं याचा वादच उरला नसता. तिला तो क्षण अगदी स्वच्छ दिसला. गोड दिसला, हे कबूल केलं पाहिजे. आणि तिने टेबलावरचं फडकं उघड्या व्हॉल्व्हवर टाकलं आणि मूठ डगल्याच्या खिशात घातली.

"थांबा हो काका, माप घ्यायचंय अजून. जेवण थंड होतंय तुमचं."

"हरलेल्या माणसाला माप लागतं," तो बायकांकडे वळून म्हणाला, आणि हशा पिकला, आणि मामा ब्रेंडा अर्ध्या उठल्या होत्या त्या पुन्हा खाली बसल्या.

खिसा ओला होत होता. केन्यांगी तशीच उभी राहिली, हात खिशात, आणि हळूहळू... नाही, हळूहळू नव्हे, एकदमच तिच्या लक्षात आलं की बोभाटा करायला निघालेली बाई वाडगं झाकून नेत नाही. भराभर चालत नाही; विरजण उसनं मागायला निघालेली बाई चालते. टेकडीवर कुणाची गाय व्यायली, कुणाचं पातेलं करपलं, सगळ्याची थट्टा होते, बटरफ्लायची तर तिथपर्यंत झाली – आणि मडक्याची? अकरा वर्षांत एका बाईने, अगदी त्या वरच्या शेजारणीनेसुद्धा, मडक्याचा म म्हटला नव्हता. संध्याकाळी सासरे आले तेव्हा मडकं भरलेलं होतं. ते प्यायले, ढेकर दिली, सुनेकडे बघून मान डोलावली. सासूबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

मी ती पाठच बघत राहिले. त्या पाठीने काय झाकलं होतं ते बघितलंच नाही.

तिने कागद ओढला आणि लिहिलं – पडद्याचे व्हॉल्व्ह, सहा. अक्षर जरा वाकडं आलं. आता विरजण उघडपणे लावायचं, स्वच्छ बरणीत राखलेलं, नाव लिहिलेलं, तपासनीसबाईला अभिमानाने दाखवता येईल असं. फटीतलं नको, त्या फटीत आणखी कोण कोण राहायला आलं असेल कोण जाणे. एखाद्या चांगल्या घरच्या मडक्यातलं हवं. त्याने चव येईल? टाकी एकसारखी येईल? की वेगळीच कुठली येईल, आणि आठ बायका पुन्हा बाळंतिणीचं नाव काढतील? माहीत नाही. तुर्यातुंगाला काय सांगायचं तेही माहीत नाही. काहीतरी सांगावं लागेल, दोघंच असताना, आणि त्याचा हातगुण मान्य करूनच, कारण तो खोटा नव्हता.

अंगणात कुणीतरी पुन्हा आठ-शून्य म्हणालं. केन्यांगीला हसू आलं, मोठ्याने, एकटीलाच. चांगल्या घरचं मडकं तिला एकच माहीत होतं. येत्या रविवारी साखर नाही, साबण नाही. ताठ बसणंही नाही. जायचं आणि म्हणायचं, आई, थोडं विरजण मागायला आलेय. त्यावर सासूबाई काय म्हणतील, बघतील तरी का वर, याचा तिला काडीचा अंदाज येईना, कारण अकरा वर्षांत तिने त्यांच्याकडे कधी काही मागितलंच नव्हतं. आणि तरी रविवार अजून तीन दिवस लांब आहे, याचा तिला चक्क राग आला.